दुपारचा टीव्ही आणि आईची वही (तुमचेही अनुभव लिहा)

गोदाकाठची
दिवाळीसाठी माळा काढायला घेतला आणि काम तिथंच अडलं. पितळी डब्यांच्या मागे एक शंभरपानी वही सापडली. वर माझ्या तिसरीतल्या अक्षरात 'भूगोल', आत पहिली चार पानं माझी. पाचव्या पानापासून आईचं अक्षर.

"डास साचल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत डास." खाली अळीचं चित्र, शेपूट वर, डोकं खाली. पुढे चंद्राच्या कला. पानांच्या शिरा. लसावि, त्यावर काट मारून परत लसावि. ब्रह्मांड हा शब्द तीन प्रकारे लिहिलाय, तिन्ही चूक.

आम्ही तेव्हा नाशिकला सिडकोत राहायचो. बाबा सातपूरला कंपनीत, शिफ्टची ड्युटी. घरात 14 इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल. बालचित्रवाणी वगैरे, म्हणजे शाळेच्या पोरांसाठीचे टीव्हीवरचे धडे, लागायचे ते नेमके शाळेच्या वेळेत. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम ती पोरं शाळेत, आणि आमच्या शाळेत टीव्हीच नाही! घरी कोण? चौथी शिकलेली आई आणि तिच्या पोळ्या.

मी घरी आले की ती सहज विचारायची, "तुम्हाला लसावि झाला का गं?" मला वाटायचं हिला आमच्या बाईच भेटतात. वहीबद्दल आत्ता विचारलं तर म्हणाली, "सगळं कुठं कळत होतं. पण ती टीव्हीतली बाई हळू बोलायची, मला लिहायला वेळ मिळायचा."

माळा अर्धाच राहिलाय. तुमच्याकडे कोण बघायचं हे कार्यक्रम? लिहा.

सिडकोकर_७८
बालचित्रवाणीची धून. बास. पुढचं काही आठवत नाही पण धून अजून डोक्यात आहे. आजारी पडलं तरच बघायला मिळायचं, त्यामुळे मला ती धून ऐकली की आपोआप ताप आल्यासारखं वाटतं 😄

मीनल_नारोड
ताई रडवलंत सकाळी सकाळी. डबे भरायचेत अजून. नंतर सविस्तर लिहिते.

जुना_अँटेना
थोडी माहिती देतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. उपग्रहावरून गावोगावी शिक्षण पोचवायचा मोठा प्रयोग त्यानंतर, 1975-76 मध्ये, अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभर उसना घेऊन. सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं. त्यात महाराष्ट्र नव्हता, आपला नंबर लागला इन्सॅट हे आपले उपग्रह आल्यावर. इन्सॅट-1बी 1983, पुण्यात बालचित्रवाणी 1984. त्याच वर्षी 15 ऑगस्टला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) कॉलेजवाल्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, कंट्रीवाइड क्लासरूम. बालचित्रवाणी 2017 ला बंद केली. बंद झाली तेव्हा कोणाला पत्ताही लागला नाही.

सिडकोकर_७८
काका उद्या पेपर आहे का 🙏

जुना_अँटेना
नाही. पण माहीत असायला काय हरकत आहे.

अंबड_प्लॉट_नंबर
कंट्रीवाइड क्लासरूम!!! माझ्या वडिलांचा हट्ट. "इंग्रजी कानावर पडलं पाहिजे." त्यांना स्वतःला इंग्रजीतलं फक्त ओव्हरटाइम आणि बोनस येत होतं. दुपारी मला समोर बसवून ते स्वतः मागे आडवे. पाच मिनिटांत घोरणं सुरू. पडद्यावर शेवाळ, मायक्रोस्कोपखाली काहीतरी हलतंय, एक गृहस्थ संथ आवाजात बोलतायत. मला अख्ख्या वर्षात एकच शब्द समजला, फोटोसिंथेसिस. पण तो असा पक्का की सातवीत बाईंनी विचारला तेव्हा वर्गात मी एकटा उभा. तेव्हापासून मला हुशार समजायला लागले, मग नाइलाजाने अभ्यास करावा लागला. आज केमिकल प्लांटला आहे. शेवाळाची कृपा.

पंचवटी_एक्स्प्रेस
खरं सांगू का, रागावू नका. बोअर व्हायचं हो! भिंतीसमोर उभे राहून बोलणारे मास्तर, खडूने काढल्यासारखे तक्ते. आपण बघायचो कारण दुसरं चॅनेलच नव्हतं. माझी मुलगी आज मोबाइलवर ज्वालामुखी बघते तो बघा एकदा. उगाच जुनं ते सोनं करू नका.

अंबड_प्लॉट_नंबर
भाऊ बोअर होतं हे मीच वर लिहिलंय ना, वाचा तरी.

द्राक्षवाला_निफाड
आमच्याकडे बालचित्रवाणी वगैरे नाही बा. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, आमची माती आमची माणसं. टीव्ही वाड्यात एकच, चुलत्यांचा, ओट्यावर आणून ठेवायचे. बाया खाली, बापे बाजेवर, आम्ही पोरं अँटेना फिरवायला. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "अजून मुंग्याच!"

बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, कसं करायचं ते आमचे आप्पा तिथंच शिकले. एक टक्क्याचं, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, मग एकत्र. धातूचं भांडं नको. आणि मेन म्हणजे शेवटी त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबडं चढलं म्हणजे चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं जळतात. आप्पा दुसरी नापास होते. पण विळा बुडवताना असे गंभीर व्हायचे की आम्ही लांब उभे राहायचो. अजून आमच्याकडे डावणी रोगाला बोर्डो असेल तर विळा येतोच, कागदाची पट्टी वापरून सामू (pH) बघता येतो तरी.

नुसती_वाचक
दादा यंदा बागेचं काय? पावसाने फार नुकसान केलं म्हणतात तुमच्याकडे.

द्राक्षवाला_निफाड
विचारू नका ताई. छाटणी झाली की पाऊस, पोंगा निघाला की पाऊस. घड जिरले निम्मे. जाऊ द्या, धागा वेगळा आहे.

मिसळसम्राट
धागा वेगळा आहे पण रविवारी कोण कोण येतंय मिसळीला? गंगापूर रोडला मळ्यात. काळा रस्सा, पापड, जिलबी.

सिडकोकर_७८
तू प्रत्येक धाग्यावर हेच लिहितोस भो

मिसळसम्राट
आणि तू प्रत्येक वेळी येतोस.

पाड्यावरची_बाई
मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत. पहिल्या नेमणुकीच्या शाळेत टीव्ही होता, खरंच होता. लोखंडी कपाटात, कुलूप लावून, वर गुलाबी कपडा. किल्ली साहेबांकडे. "बिघडला तर जबाबदार कोण?" चार वर्षांत तो एकदाच बाहेर निघाला, 26 जानेवारीला, आणि त्या दिवशी लाइट नव्हती. मुलांनी त्याला हात लावून बघितला, ओळीने.

मग आला 2020. शाळा बंद, ऑनलाइन म्हणे. आमच्या पाड्यावर रेंज यायची ती टेकडीवरच्या आंब्याखाली. जुलैत सह्याद्रीवर टिलीमिली सुरू झालं, 20 तारखेपासून, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. फ्री डिशच्या छत्र्या होत्या काही घरी. मी आणि सोबतचे सर घरोघर वेळापत्रक चिकटवत फिरलो, पावसात, चिखलात. आणि गोदाकाठची ताई, तुमच्यासारखंच झालं बघा. जुलै म्हणजे भाताची लावणी! मोठी पोरं आईबापासोबत आवणात. घरी टीव्हीसमोर कोण, तर म्हाताऱ्या.

एक आजी होती, तिचा नातू दुसरीत. पोरगा संध्याकाळी चिखलाने भरून आला की आजी त्याला सांगायची आज काय दाखवलं. त्यात घरातल्याच वस्तू घेऊन करायचे उपक्रम असायचे, त्यामुळे आजीला जमायचं. एकदा मी गेले तर तिने नागलीचे दाणे दहा-दहाचे ढीग करून मांडलेले. मला म्हणाली, "बाई, दशक म्हंजे हेच ना?" आणि मलाच मोजायला लावलं. एका ढिगात अकरा निघाले. तिने एक दाणा उचलून तोंडात टाकला, म्हणाली आता बरोबर.

गोदाकाठची
🥹 हे वाचून दाखवते आईला.

पंचवटी_एक्स्प्रेस
बाई, हे मात्र मानलं. मागचं माझं जरा जास्तच झालं.

मीनल_नारोड
आले. डबे गेले. आम्ही नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टर्समधे. आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, त्याआधी शेजारी. त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, मी कायम दुसऱ्याची घालून घरी. शेजारच्या काकू टीव्ही बघायला द्यायच्या पण आधी लसूण सोलायला बसवायच्या 😂 अख्खं भारत एक खोज मी लसूण सोलत बघितलंय. सिंधू संस्कृती म्हटलं की अजून हाताला वास येतो.

मुद्दा राहिलाच. माझ्या सासूबाईंनी 41 व्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. दहावीही नव्हती, पूर्वतयारी परीक्षा देऊन प्रवेश. विद्यापीठ 1989 चं, आपल्या गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, आणि घरच्यांना वाटायचं मुक्त म्हणजे अभ्यासातून मुक्त! ज्ञानगंगा घरोघरी असं त्यांचं ब्रीद आहे, सासरे म्हणायचे "गंगा घरी आली, आता चहा कोण करणार." दर रविवारी संपर्कसत्राला जायच्या. निकालाच्या दिवशी चहा सासऱ्यांनी केला. साखर विसरले. कोणी बोललं नाही, सगळ्यांनी प्यायला.

जुना_अँटेना
पहिले कुलगुरू राम ताकवले. (सिडकोकर, पेपरला येईल.)

आरशातला_मी
दूरदर्शनवरचा विज्ञानाचा कार्यक्रम, टर्निंग पॉइंट, कोणाला आठवतो का? गिरीश कार्नाड असायचे आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना प्रा. यशपाल उत्तरं द्यायचे. हे इतके मोठे शास्त्रज्ञ, पण "अरे वा काय प्रश्न आहे" असा चेहरा करायचे. मी नववीत पोस्टकार्ड टाकलं होतं, रविवार कारंजावरच्या पेटीत. प्रश्न: आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग डोकं खाली पाय वर का होत नाही? उत्तर आलं नाही. दर भागाला वाट बघायचो. आई म्हणायची हिंदी चुकली असेल तुझी.

मिसळसम्राट
आरसा आडवा ठेवून बघ, होईल डोकं खाली.

अंबड_प्लॉट_नंबर
सम्राट, चेष्टेत बरोबर बोललास. आरसा डावं-उजवं उलटवतच नाही. पुढचं मागे करतो, एवढंच. उत्तरेच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहा. तुमचा उजवा हात पूर्वेला. आरशातला तो हातही पूर्वेलाच आहे. डोकं वर, त्याचंही वर. फरक एकच, तुमचं तोंड उत्तरेला, त्याचं दक्षिणेला. आपण मनातल्या मनात वळून त्याच्या जागी जाऊन उभे राहतो, म्हणून तो हात डावा वाटतो. जमिनीवर आरसा ठेवला की वर-खाली उलटतं, गोदावरीत देवळाचा कळस खाली दिसतो तसा.

आरशातला_मी
...तीस वर्षं. तीस वर्षं थांबलो भाऊ. आत्ता बाथरूममधे जाऊन पूर्व शोधून आलो. बायको विचारतेय काय झालं.

नुसती_वाचक
नारळीकर सरांची ब्रह्मांड मालिकाही होती. 2025 च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा बाबांनी दिवसभर टीव्ही लावला नाही. त्यांच्या मते तेवढंच आपल्या हातात होतं.

कॅनडाकॉर्नर
इंदिरानगरला टू बीएचके भाड्याने कोणाच्या माहितीत आहे का? फॅमिलीसाठी. शेजारी टीव्ही मोठ्याने लावणारे नकोत.

सिडकोकर_७८
😂😂 चुकीच्या धाग्यावर आलात

मीनल_नारोड
गोदाकाठची, माळ्याचं काय झालं? आणि वहीतलं अजून लिहा ना.

गोदाकाठची
माळा तसाच. नवऱ्याने शिडी काढून ठेवली शेवटी. आईला सगळ्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. पेठच्या आजींचं परत वाचायला लावलं. आरशाचं तिला पटलेलं नाही, उद्या दिवसा करून बघणार म्हणाली.

आणि निफाडच्या दादांचं बोर्डो ऐकल्यावर म्हणाली थांब, वही दे. शेवटून तिसरं पान. "मोरचुद 1 की. चुना 1 की. पानी 100 ली. विळा बुडवने." खाली विळ्याचं चित्रसुद्धा. अहो आमच्याकडे सिडकोत एक वेल नव्हता! खिडकीत एका डालड्याच्या डब्यात मोगरा होता फक्त. विचारलं, हे कशाला लिहिलंस? म्हणाली, "दाखवत होते."

द्राक्षवाला_निफाड
मावशींना नमस्कार सांगा. मोगऱ्याला शंभर लिटर लागणार नाही म्हणावं, लिटरला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना. विळा मात्र बुडवायचा.