सहलीत सगळे पॉइंट ‘झालेच’ पाहिजेत का?

सातपुडा_वाट: दिवाळीत घरचे सगळे सातपुड्यातल्या तोरणमाळला गेलो होतो. शहाद्याहून सातपायरीचा घाट चढायच्या आधीच यादी तयार: यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, उतरताना प्रकाशा, जमलं तर सारंगखेडा. तलावाशी आजी सीताफळं विकणाऱ्या पावरा आदिवासी बाईजवळ टेकली. दोघींची बोली वेगळी. तरी डोळे किती उघडले की फळ उद्यावर ठेवायचं आणि कुठलं आत्ताच फोडायचं, हे त्या बाईने एकेक फळ अंगठ्याने चाचपून दाखवलं. पोरगं तिथेच बिया थुंकत रमलं. तेवढ्यात हॉर्न, “चला, खडकी राहिलाय!” माझं म्हणणं, कुटुंबासोबत असताना दिवसाला एकच ठिकाण धरावं. माणसं एकमेकांच्या वाट्याला येतात ती अशीच, रिकाम्या तासात.

धुळ्याचा_दुकानदार: नाही पटत भो. नुसतं बसायला घरचा ओटा आहे. माझं दुकान वर्षभर उघडं असतं. गाडीचं भाडं, पोरांच्या शाळा, सगळं जुळवून निघायचं, परत कधी योग येईल काय भरवसा? प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात, तापीकाठी केदारेश्वर आहे. आमचे वडील म्हणतात, “आठेलोंग उनूत ते दर्शन करीसनच जाऊत.” (इथवर आलो तर दर्शन करूनच जाऊ.) त्यांच्यासाठी तोच सुटीतला मोठा क्षण. त्याला ‘यादी’ म्हणू नका.

सातपुडा_वाट: वडिलांचं दर्शन मी कशाला अडवू? प्रकाशा धरा, तिथे घाटावर तासभर बसा. मग त्याच दिवशी खडकी सोडा ना.

यावलची_सून: तुम्ही दोघं बसायचं की फिरायचं यावर भांडताय. आमच्याकडे सहल म्हणजे बायकांनी पहाटे उठून दशम्या आणि ठेचा करायचा, डबे भरायचे, पोरांना आवरायचं. गाडीत बसेपर्यंत डोळे मिटायला लागतात. सीताफळाकडे बघणार कोण? मला सुटी वाटते ती हिवाळ्यात मळ्यातल्या भरिताला. पुरुष कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, सालं काढतात, लाकडी बडगीत ठेचतात. आम्ही जावा-नणंदा पातीचा कांदा निवडत गप्पा मारतो, कुणी उठ म्हणत नाही. हात मोकळे असले की क्षण आपोआप दिसतात. आधी कामं वाटून घ्या, मग एक ठिकाण की पाच ते ठरवा.

धुळ्याचा_दुकानदार: ताई, हे मान्य. पुढच्या वेळी दशम्या नको, शहाद्यात शेवभाजी खाऊ. पण फिरणं कमी करणार नाही.

जळगाव_केळीवाला: मी दुकानदार भाऊंच्या बाजूचा. पोरांना सातपुडा फक्त भूगोलाच्या पुस्तकात माहीत. सीताखाईच्या कड्यावर उभं राहून खोल दरी बघितली तर त्यांना डोंगर कळेल, तलावाशी बिया थुंकून नाही. आणि तिथला धबधबा पावसाळ्यावर चालतो. दिवाळीत धार बारीक झालेली असते, उन्हाळ्यात जाल तर कोरडा खडक. “आज राहू दे, नंतर बघू” म्हणणाऱ्यांना नंतर पाणीच सापडत नाही.

सातपुडा_वाट: मग सीताखाईच धरा की दिवसभर! सकाळी जा, उन्हं कलल्यावर दरीचा रंग बदलतो तेवढं बघून निघा. पाच मिनिटांत फोटो काढून पळणाऱ्याला तरी डोंगर कुठे कळतो?

यावलची_सून: आणि दिवसभर थांबणार असाल तर चहाचा स्टोव्ह कोण पेटवणार, तेही आत्ताच सांगा.