विषय: खानापूरच्या भाषणाचा मसुदा, बघून सांगा

नमस्कार मंडळी,
दिवाळीत गावी जातोय. गावच्या बचत गटानं फोनवरच्या फसवणुकीबद्दल बोलायला सांगितलंय. स्लाइड्स जोडल्यात, चाळीसच आहेत: फिशिंग, मालवेअर, एन्क्रिप्शन, शेवटी देशोदेशीचे कायदे. तासाभरात बसेल?
– खानापूरकर

---

अरे खानापूरकर, काय करालायस हे?
देवळाच्या मंडपात प्रोजेक्टर लावणार कुठं, आणि लाइट राहिली तर राहिली. या स्लाइड्स तुझ्या ऑफिसात दाखव.

टिळकांनी होमरूलवरचं 1 मे 1916 चं भाषण आपल्या बेळगावात केलं, ते मिळवून वाच. सम्राट वेगळा आणि कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, एवढंच लोकांना पटवायचं होतं. त्यासाठी घटनाशास्त्र काढलं नाही. निराकार ब्रह्म आणि मायेमुळं त्याला आलेलं दृश्य रूप, या भाषेत सांगितलं. कीर्तनं ऐकलेल्या माणसाला आणखी काय लागतं? सरकारलाही नीट कळलं असणार, कारण या आणि नगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडं 20,000 रुपयांचा जातमुचलका मागितला. तो हायकोर्टानं त्याच नोव्हेंबरात रद्द केला.

तुझ्या बायकांसाठी ब्रह्म-माया नको, गृहलक्ष्मी आहे की. कर्नाटक सरकारच्या या योजनेचे महिन्याचे 2,000 रुपये खात्यावर येतात, तिथूनच धर. ‘पैसे अडकलेत, मोबाइलवर आलेला नंबर सांगा’ असा फोन आला तर काय कराल, हे आधी त्यांनाच विचार आणि गप्प बस. निम्मं भाषण त्याच करतील. मग दोन फोन घेऊन एक रुपया इकडून तिकडं पाठवून दाखव. पाठवणाऱ्याला पिन टाकावा लागतो, घेणाऱ्याला लागत नाही. पैसे देतो म्हणून कोणी पिन टाकायला लावला, की तो चोर. हे डोळ्यांनी बघितलं की फिशिंग वगैरे शब्दांची गरजच नाही. कायद्यांची तुलना तर कोणासाठी आहे, तुझं तुलाच माहीत.
– येळ्ळूरचा काका

---

भाऊजी,
काकांचं बरोबर, पण ‘डिजिटल अरेस्ट’ गाळू नका. टिळकवाडीतले आमचे सासरे पोलिसाच्या वेशातला व्हिडिओ कॉल बघून घाबरले होते. पैसे वाचले ते शेजारीण वेळेवर आली म्हणून. व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते, हे वाक्य ठणकावून सांगा. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

आणि थोडं कानडीत बोला. बँकेतला माणूस कानडी बोलतो, तसा फसवणाराही बोलतो. शेजारच्या कानडी बायका मागं बसतात आणि सगळं संपल्यावर हळूच येऊन विचारतात, त्यापेक्षा आधीच सांगून टाका.

दुपारची वेळ घेऊ नका. भाताची सुगी असेल, कोणी फिरकणार नाही. डेअरीत दूध घालून झाल्यावर, संध्याकाळी.
– वहिनी, टिळकवाडी

---

काका, वहिनी,
स्लाइड्स रद्द. शाळेतला फळा मागवलाय, त्यावर फक्त 1930. वीस मिनिटं बोलतो, बाकी वेळ त्यांचा. वहिनी, अटकेचं वाक्य कानडीत म्हणून व्हॉइस मेसेज पाठवा ना. माझं कानडी आता बसच्या तिकिटापुरतंच उरलंय.
– खानापूरकर