होडीच्या बुडीत भागाचे घनफळ कसे काढावे?

प्रश्न : जलरेषेवर लांबी 6 मीटर, रुंदी 1.8 मीटर आणि बुडीत खोली 0.4 मीटर, यांचा गुणाकार 4.32 घनमीटर येतो. मग माझी नियोजित होडी समुद्रात सव्वाचार टनांहून अधिक भार पेलेल काय?

उत्तर 1 : नाही, ते घनफळ पेटीचे झाले. नाळ (होडीचे पुढचे टोक) निमुळती असते, म्हणून ब्लॉक गुणांक, म्हणजे बुडीत भागाचे पेटीच्या घनफळाशी प्रमाण, 0.4 धरल्यास 1.73 घनमीटर, म्हणजे समुद्राच्या किंचित जड पाण्यात सुमारे 1.77 टन मिळतात, आणि त्यातच होडीचे स्वतःचे वजनही आले.

उत्तर 2 : गुणांक अंदाजाने धरण्यापेक्षा लांबीवर एकेक मीटरवर घेतलेल्या सातही आडव्या छेदांची बुडीत क्षेत्रफळे मोजून, त्यांना सिम्प्सनच्या नियमानुसार (वक्र आकाराचे घनफळ काढण्याची रीत) अनुक्रमे 1, 4, 2, 4, 2, 4, 1 यांनी गुणावे आणि बेरजेला तीनने भागावे. छेदांची संख्या विषमच हवी, हे बरेच जण विसरतात.

उत्तर 3 : भार कमी पडला तर रुंदी वाढवण्याचा मोह होईल, परंतु ती 10 टक्क्यांनी वाढवल्यास जलपृष्ठाचे (जलरेषेवरील होडीच्या छेदाचे) आडवे जडत्व, म्हणजे बाजूला कलण्यास होणारा विरोध ठरवणारे माप, 33 टक्क्यांनी वाढते, आणि मग होडी स्थिर असली तरी लाटांवर झटके देते.