मदत हवी आहे: दिव्याजवळच्या शेवंतीला कळ्याच आलेल्या नाहीत

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या वनस्पती उद्यानात मी शेवंतीच्या 60 कुंड्यांची देखभाल करते. सर्व रोपे एकाच जातीची असून ती जूनमध्ये छाटकलमांपासून तयार केली आणि शेंडे शेवटचे ऑगस्टअखेर खुडले. आता डिसेंबर उजाडला आहे. आतल्या बाजूच्या कुंड्या पिवळ्या फुलांनी भरून गेल्या आहेत, परंतु कुंपणालगतच्या 22 कुंड्यांमध्ये पाने हिरवीगार असूनही एकही कळी दिसत नाही, याचे फार वाईट वाटते.

शेवंती मोठी आणि अखंड काळोखी रात्र मिळाल्यावरच कळी धरते, आणि याच कुंपणावर पावसाळ्यात नवा एलईडी दिवा बसवला गेला; त्यामुळे माझा संशय त्यावरच आहे. सुरक्षेसाठी तो रात्रभर चालू ठेवावा लागतो आणि आत उन्हाची जागा शिल्लक नसल्याने कुंड्या हलवता येत नाहीत. माती, खत आणि पाणी सर्व कुंड्यांना सारखेच आहे. नत्रयुक्त खत ऑक्टोबरपासून बंद आहे आणि मावा आढळलेला नाही.

गेले 10 दिवस सायंकाळी 6 ते सकाळी 7 या वेळेत कुंड्यांवर काळे कापड टाकते, मात्र त्याखाली ओल साचून खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडू लागले आहेत.

ओल न साचता पूर्ण काळोख मिळेल असे आच्छादन कसे करावे, आणि इतक्या उशिरा काळोख देऊन यंदा फुले येतील, की ही रोपे छाटून पुढील वर्षाच्या कलमांसाठी राखणे योग्य ठरेल?