एमबीबीएसला खासगी कॉलेज: कर्ज किती काढायचं, एफडी मोडायची का?

सातारा_पालक

नमस्कार मंडळी. मुलाला सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश कक्षाच्या) पुढच्या फेरीत खासगी विनाअनुदानित कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळेल असं दिसतंय. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलं शुल्क वर्षाला 8 लाख आहे, त्यात शिक्षण शुल्क 7 लाख 20 हजार आणि विकास शुल्क 80 हजार. होस्टेल-मेस वेगळं. आम्ही खुल्या प्रवर्गातले, घरचं वार्षिक उत्पन्न 7 लाख 40 हजार. साताऱ्यात आम्हा दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, गावी दोन एकर जमीन आणि बँकेत 6 लाखांची एफडी.

पहिल्या वर्षाची फी एफडी मोडून भरावी आणि कर्ज दुसऱ्या वर्षापासून घ्यावं, असा विचार चालू आहे. बरोबर आहे का? आणि तारण म्हणून जमीन दिली तर फ्लॅट मोकळा राहील का?

कर्जखातं

दादा, आधी जमिनीचं. शेतजमिनीवर सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जासाठी बँकेला तारण जप्त करू देणारा कायदा) जप्ती करता येत नाही, म्हणून बँका शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागतं, तेव्हा फ्लॅटच पुढे करावा लागेल. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे वहिनींची सहीही लागणार. कागद आजच काढून ठेवा: मूळ खरेदीखत, इंडेक्स-2 (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची चालू पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र. बँकेच्या पॅनेलवरचा वकील 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) देतो आणि व्हॅल्युअर येऊन फ्लॅट बघून जातो. या दोन कामांतच पंधरा-वीस दिवस जातात. सीईटी सेलच्या फेरीत जागा लागल्यावर मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन हजर व्हायला मात्र मोजकेच दिवस मिळतात. हातात आलेली जागा जाते ती बहुतेक वेळा इथेच, पैसे नसल्यामुळे नव्हे. म्हणून वाटपाची यादी लागायच्या आधीच सर्च आणि व्हॅल्युएशन उरकून तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवा. जागा लागली की फक्त अलॉटमेंट लेटर आणि कॉलेजचं शुल्कपत्र जोडायचं राहील.

एफडी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम उचला. साधारण 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, म्हणजे तुमच्या बाबतीत 5 लाख 40 हजार, आणि व्याज एफडीच्या दराहून टक्काभर जास्त. कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजला वेळेत पोहोचला नाही तर फरक यातून भरता येतो. आधी खिशातून फी भरली तर पावतीवर बँक ती परत देते का, हे शाखेत अर्ज करतानाच विचारून लिहून घ्या. सगळ्या बँकांचा नियम सारखा नाही.

आता व्याज, कारण खरा खर्च तिथे आहे. समजा शिष्यवृत्ती नाही आणि पूर्ण फीचं कर्ज घेतलं. साडेचार वर्षांचे 36 लाख, दर 10 टक्के. पहिली चार वर्षं 8-8 लाख आणि शेवटच्या सहामाहीचे 4 लाख. शिक्षणाच्या काळात व्याज सरळव्याजाने लागतं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष, अशी साडेसहा वर्षं हप्ता नसतो. तेवढ्यात व्याज साठतं 17 लाख. हप्ता सुरू होतो तेव्हा अंगावर 53 लाख असतात, आणि 15 वर्षांच्या मुदतीने महिना सुमारे 57 हजार. तेच व्याज दरमहा भरत गेलात तर हप्ता 36 लाखांवरच बसतो, सुमारे 38,700. दरमहाचं व्याज पहिल्या वर्षी 6,667, दुसऱ्या वर्षी 13,333, चौथ्या वर्षी 26,667 असं चढत जातं. पूर्ण झेपलं नाही तरी जेवढं झेपेल तेवढं भरा. शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात 1 टक्का सवलतही देतात.

मंजुरीपत्र हातात आलं की तीन ओळी वाचल्याशिवाय सही करू नका. अभ्यासक्रमाचा कालावधी 54 नव्हे, 66 महिने लिहिलाय का? 54 लिहिलं असेल तर इंटर्नशिप चालू असतानाच हप्ता सुरू होईल. दुसरं, व्याज सरळ आहे की चक्रवाढ. तिसरं, विम्याचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवलाय का. मिळवला असेल तर त्यावरही पुढची सगळी वर्षं व्याज चढतं. हा विमा सक्तीचा नसतो, आणि कमावत्या पालकाने स्वतःच्या नावावर घेतलेला साधा टर्म विमा सहसा स्वस्त पडतो.

शिष्यवृत्ती_कक्ष

वरच्या हिशेबात एक मोठी गोष्ट धरलेली नाही. तुमचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून होतोय. त्यामुळे महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज करा. शिक्षण शुल्काच्या 50 टक्के, म्हणजे वर्षाला 3 लाख 60 हजार, साडेचार वर्षांत 16 लाख 20 हजार. विकास शुल्क त्यात येत नाही. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो आणि संस्था कोट्यातल्या (मॅनेजमेंटच्या) जागेला मिळत नाही. संस्था कोट्यातून जागा घ्यायचा मोह झाला तर हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, फक्त फॉर्म-16 चालत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं, मुलाच्या नावाचं आणि चालू असावं. अर्ज अडकण्याची सगळ्यात मोठी कारणं दोन: खातं आधारशी जोडलेलं नसणं, आणि नीटच्या अर्जावरचं नाव व आधारवरचं नाव न जुळणं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते विसरलं की त्या वर्षीची रक्कम जाते. होस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे, तिच्या अटी पोर्टलवर वेगळ्या तपासा.

शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरता सरता किंवा त्याहूनही उशिरा येतात. ते आले की थेट कर्जखात्यात टाका, घरखर्चाच्या खात्यात राहू देऊ नका. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीचा हिस्सा मागू नये असं शासनाने कॉलेजांना सांगितलेलं आहे. तरी कॉलेज पूर्ण फी मागत असेल तर त्यांच्याकडून ते लेखी घ्या आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. एका वेळी एका वर्षाहून जास्त फी मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

ज्यांची मुलगी आहे त्यांच्यासाठी जाता जाता: आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी गटातल्या, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना 2024-25 पासून केंद्रीय प्रक्रियेतल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

सातारा_पालक

मनापासून आभार. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी शैक्षणिक कर्ज योजनेत तारण लागत नाही म्हणतात. मग फ्लॅट कशाला अडकवायचा? आणि 80-ई चा (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या वजावटीचा) करलाभ धरावा का?

कर्जखातं

योजना खरी आहे, पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरतीच आहे. आधी पोर्टलवर तुमच्या कॉलेजचं नाव शोधा. नाव असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलतही आहे, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती सवलत नाही. 10 लाखांवर 3 टक्के म्हणजे वर्षाला 30 हजार. शाहू शिष्यवृत्तीचे 3 लाख 60 हजार सोडून ते घेण्यात अर्थ नाही.

शिष्यवृत्ती धरून कर्ज 36 वरून 19 लाख 80 हजारांवर येतं. व्याज न भरता 10 टक्क्यांनी साडेसहा वर्षांनी ते 29 लाख 15 हजार होईल, हप्ता सुमारे 31,300. शिष्यवृत्ती उशिरा आली तर व्याज थोडं वाढेल. मंजुरी मात्र पूर्ण 36 लाखांवर घ्या, उचल गरजेपुरती करा. न उचललेल्या रकमेवर व्याज नसतं आणि एखाद्या वर्षी शिष्यवृत्ती रखडली तर फी अडत नाही. 4 लाखांवरच्या कर्जाला 5 टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, स्वतःचं घालावं लागतं, त्यात शिष्यवृत्ती धरतात.

80-ई फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत तुमच्या उत्पन्नावर कर लागतच नाही, तेव्हा ते धरू नका.

निवासी_डॉक्टर

कर्जाबाहेरच्या खर्चाचं सांगतो, कारण पहिल्या दोन महिन्यांत पालकांचा हात तिथेच सैल सुटतो. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. दोन-तीन पांढरे अ‍ॅप्रन आणि डिसेक्शनची पेटी नवी घ्या. हाडांचा संच सिनियरकडून घ्या, तो दरवर्षी पुढच्या बॅचकडे जातो. घेताना पायाची आणि हाताची लहान हाडं दोऱ्यात ओवलेली आहेत का ते मोजून बघा, सुटी हरवतात. पुस्तकं आधी ग्रंथालयातून वापरा, महिन्याने लागतील तीच घ्या. महागडा स्टेथोस्कोप आणि मोठ्या अ‍ॅपची पाच वर्षांची वर्गणी पहिल्या वर्षी अजिबात नको. क्लासवाले प्रवेशाच्या दिवशीच गाठतात, तेव्हा काही भरू नका.

होस्टेलची अनामत, ग्रंथालयाची अनामत, विद्यापीठाची पात्रता फी अशी चिल्लर रक्कम मिळून बरीच होते, आणि ती त्याच दिवशी मागतात. ओव्हरड्राफ्टमधले चाळीस-पन्नास हजार त्यासाठी वेगळे ठेवा. मेसचं बिल महिन्याचं की सहामाहीचं, सुट्टीतलं वजा होतं का, हे आधी विचारा.

कर्जखातं

अजून दोन गोष्टी. दुसऱ्या वर्षापासून पैसे आपोआप जात नाहीत. गुणपत्रक, कॉलेजचं मागणीपत्र आणि मार्जिनची पावती घेऊन फीच्या तारखेच्या महिनाभर आधी शाखेत जा, नाहीतर विलंबशुल्क तुमच्या माथी. एखाद्या विषयात राहून वर्ष मागे पडलं तर लगेच लेखी कळवा, मुदत वाढवून मिळते. पीजीला गेल्यावरही तेच. बोनाफाईड देऊन मुदतवाढीचा अर्ज हप्ता सुरू व्हायच्या आधी करायचा. न कळवता 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, आणि सिबिल मुलाबरोबर सहकर्जदार म्हणून तुमचंही खराब होतं.