समुद्राचा तळ मोजून देशाला मिळतं काय?

कळंबा_रोड
पोरगी नववीत आहे. ‘आयएनएस संधायक’ हे नौदलाचं सर्वेक्षण जहाज, 2024 च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला दाखल झालं, असं तिनं कुठंतरी वाचलं. रात्री जेवताना म्हणते, “पप्पा, नौदलाला तळ कशाला मोजायचाय? तिथं काय घरं बांधणार?” म्हटलं, जहाजं आपटू नयेत म्हणून. तर म्हणे, “मग बंदराजवळ मोजा की, सगळा कशाला?” इथं माझं गाडं अडलं. मला ठाऊक असलेलं खोल पाणी म्हणजे कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणी मोजायची पट्टी. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. कुणी जाणकार असेल तर सोपं करून सांगा.

तांबडा_पांढरा
भावा, गुगलवर समुद्र झूम कर, तळातले डोंगरसुद्धा दिसतात. सगळं मोजून झालंय. विषय संपला.

वाव_मोजणारा
संपला कुठं? मी नौदलात सर्वेक्षणाच्या कामावर पंधरा वर्षं काढली, आता गडहिंग्लजला ऊस बघतो.

गुगलवरचे ते डोंगर बहुतेक उपग्रहानं ताडलेले. उपग्रहाला पाण्याखालचं दिसत नाही. डोंगराच्या ओढीनं वरचं पाणी किंचित फुगतं, तो फुगवटा मोजून खाली काय असेल याचा अंदाज बांधतात. प्रत्यक्ष मोजलेला तळ जगभरात पाव हिश्श्याच्या थोडा वर, बस्स. 8 जानेवारी 2005 ला अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेकडं भरवेगात पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. एक खलाशी गेला. पुढ्यातल्या नकाशावर डोंगर नव्हता. दुसऱ्या नकाशावर तिथं पाण्याचा रंग वेगळा असल्याची खूण होती, ती कुणी उतरवून घेतली नव्हती.

आता तुमची पट्टी. मी नवा होतो तेव्हा मला होडीत घेतलंच नाही, किनाऱ्यावर बसवलं. पाण्यात रोवलेली पट्टी, हातात वही, दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. डोक्यावर ऊन. घरी सांगून आलो होतो नौदलात भरती झालो, आणि इथं बसून भरतीच मोजतोय! तिकडं होडी नांगराचं तास घालावं तशी सरळ जाऊन परत यायची, खाली आवाज सोडायचा, तो परतायला किती वेळ लागला ते बघायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. पण ओहोटीला 6 मीटर निघालेली जागा भरतीला 8 दाखवते. म्हणून माझ्या वहीतला आकडा त्यातनं वजा करायचा. नकाशावर छापतात ती खोली पाणी अगदी उतरलेलं असतानाची.

लेकीच्या “सगळा कशाला” चं उत्तर त्या ओहोटीत आहे. 12 सागरी मैलांची हद्द, 200 मैलांचं आर्थिक क्षेत्र (जिथली मासळी, तेल यावर आपला हक्क), हे मोजायला सुरुवात होते ती देशानं मान्य केलेल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरच्या ओहोटीच्या रेषेपासून. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातच तसं आहे. (वाकड्यातिकड्या किनाऱ्याला सरळ आधाररेषा ओढतात, तो फाटा सोडा.) बांधाचं भांडण मोजणीच्या नकाशावर मिटतं ना? तसंच. 200 च्या पुढच्या तळावर हक्क सांगायचा तर उताराचा आणि गाळाच्या जाडीचा पुरावा लागतो. भारतानं तो मे 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडं दिला. मोजलंच नसतं तर काय देणार होतो?

कळंबा_रोड
बांधाचं लगेच पटलं, आमच्या चुलत्यांचं वीस वर्षं चाललंय. पण काका, दुसऱ्यानं येऊन आपल्या भागातला तळ मोजला तर बिघडतं काय? फुकटात काम झालं की.

वाव_मोजणारा
मोजणाऱ्याकडं आकडे राहतात. पाणबुडी कुठं लपेल हे तळ, पाण्याचं तापमान आणि खारटपणा यावर ठरतं. परसातला अंधारा कोपरा आपल्याआधी शेजाऱ्याला कळला तर झोप लागेल का? श्रीलंकेनं 2024 मध्ये परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर मज्जाव केला होता, त्यामागं हीच ओढाताण. उलट आपण मॉरिशसचं पाणी मोजून त्यांना नकाशे दिलेत, तेही काही नुसत्या प्रेमापोटी नव्हे.

लेकीला मालवणला न्या. ते बंदर 1812 पर्यंत आपल्या कोल्हापूरच्या गादीकडं होतं. सिंधुदुर्गाकडं जाताना होडीवाल्याला विचारायला लावा, खडक कुठं कुठं आहेत. बोटानं दाखवेल.

तांबडा_पांढरा
काका, शब्द मागे घेतो. मालवणला मासे खायला दहादा गेलो, खडकाचं एकदाही विचारलं नाही.

वाव_मोजणारा
असू दे. आता माझा एक प्रश्न. राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीचा शून्य कुठं धरलाय? नदीच्या तळाला, का आणखी कुठं? पुराच्या वेळी सगळे फूट सांगतात, शून्य कुणी सांगत नाही.