शब्दचर्चा: अक्षराचं ‘वळण’ की ‘शैली’?

परभणीकर: शाळेच्या भिंतीवर ‘क’ची निरनिराळ्या काळातली रूपं रंगवायलोय. प्रत्येकाखाली ‘अमुक शैली’ लिहून कंटाळा आला. ‘वळण’ चालेल का?

लेणीवेडा (संभाजीनगर): सरसकट नाही चालणार. वळण हाताला लागतं, गिरवून गिरवून. अशोकाच्या ब्राह्मी लिपीतला ‘क’ म्हणजे नुसती बेरजेची खूण, त्यात वळण कुठलं? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ‘कटहादि’ या दात्याचं नाव आहे, तेही ब्राह्मीतच. पुढं उभी रेघ लांबली, तिच्या टोकाला बाक आला. तिथून वळण म्हणा हवं तर. पण वाकाटक राजांच्या ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर छोटा चौकोन बसतो, कधी पोकळ, कधी भरीव. अभ्यासक त्याला ‘पेटिकाशीर्ष’ म्हणतात. चौकोन पुसला तरी अक्षर वाचता येतं, म्हणजे ती नक्षीच झाली.

बोरूबहाद्दर (अंबाजोगाई): इतकी फोड करू नका राव. बोरूचं टोक तिरपं कापलं की जाड-बारीक रेघ आपसूक उमटते. ती नक्षी की वळण? आणि मोडी बघा. आधी ओळभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग होता होईतो हात न उचलता लिहीत सुटायचं. डोकं सजवायला जागाच नाही, सगळी ऐट पोटात नि शेपटीत. म्हणून तर ‘चिटणिशी वळण’, ‘बिवलकरी वळण’ म्हणतात. चिटणिशी नक्षी म्हटलेलं ऐकलंय कुणी?

लातूरची ताई: इंग्रजी पोथ्यांत पहिलंच अक्षर वेलबुट्टीनं भरलेलं असतं, त्याला ‘आद्याक्षर’ म्हणावं का?

बोरूबहाद्दर: ताई, आद्याक्षरं म्हटलं की लोकांना नावाची आठवतात, सहीतली. ‘चितारलेलं पहिलं अक्षर’ म्हणा, दोन शब्द जास्त गेले तर जाऊ द्या. इसवी सन 800च्या आसपासच्या ‘बुक ऑफ केल्स’ या लॅटिन बायबलाच्या पोथीत तर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरं जवळजवळ पानभर पसरलीत. आपल्याकडं ती रीत फारशी रुजली नाही. माझ्या मते कारण शिरोरेषा: सगळी अक्षरं एका दोरीला टांगलेली, एकट्यानं फुगायचं कसं? त्यापेक्षा लाल शाई परवडली.

परभणीकर: बरं. मग ब्राह्मीखाली ‘रूप’, वाकाटकांखाली ‘पेटिकाशीर्ष’, मोडीखाली ‘वळण’. शेवटी संगणकावरचा ‘क’ आहे, र. कृ. जोशींनी रेखलेल्या ‘मंगल’मधला. त्याखाली?

लेणीवेडा: ‘टंक’ लिहा. छापखान्यातला ‘खिळा’ही चालला असता, पण तो धातूचा, हातात धरता यायचा. शिवाय ज्या जुन्या लिपीत अक्षराच्या माथ्यावर खिळ्यासारखा त्रिकोण असतो तिला ‘कीलशीर्ष’ म्हणतात; पोरं दोन्हींत गोंधळतील.

परभणीकर: पोरं ‘फाँट’च म्हणायलेत. कंसात तेही लिहितो.